राजा रात्रपाळी करू शकतो का?

गेल्या आठवड्यात आमच्या ग्रुपचा दीड तास कॅन्टीनमध्ये एका प्रश्नावर गेला. त्यात एक लेक्चर बुडालं, चार कटिंग थंड झाले आणि एक मैत्री दहा मिनिटांसाठी तुटली. प्रश्न साधा होता. समजा, पृथ्वीला एक सिक्रेट वॉचमन हवाय. एलियन्स, राक्षस, दुसऱ्या मितीतले प्राणी, जे काही आपल्यावर चाल करून येईल ते त्याने परस्पर निपटवायचं आणि कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. आता या पोस्टसाठी वाकांडाच्या राजाने, म्हणजे आपल्या ब्लॅक पँथरने अर्ज केलाय. तुम्ही एचआरमध्ये आहात. घ्याल त्याला?

लगेच ‘ऑफकोर्स’ म्हणू नका. मीही तेच म्हटलं होतं आणि मग स्वतःच्याच मुद्द्यांमध्ये अडकत गेलो.

आधी एक सांगून टाकतो. ही पोस्ट आम्ही कॅन्टीनमध्ये बसून शोधलेली नाही. मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये ती खरंच आहे. २०१४ मध्ये ‘ओरिजिनल सिन’ नावाची आठ अंकांची मालिका आली होती. लेखक जेसन एरन, चित्रं माइक डिओडाटोची. सुरुवातच खुनाने होते. चंद्रावर राहून युगानुयुगं पृथ्वीकडे बघत बसलेला युआटू, म्हणजे ‘वॉचर’, मरून पडलाय आणि त्याचे डोळे चोरीला गेलेत. तपास करताना हीरोंना भलत्याच गोष्टी सापडतात. पृथ्वीच्या पोटात महाकाय राक्षसांची प्रेतं. अंतराळात एक अख्खा जिवंत ग्रह, गोळ्या घालून मारलेला. हे सगळं कुणीतरी वर्षानुवर्षं गुपचूप करत होतं.

तो कुणीतरी म्हणजे निक फ्युरी. सिनेमातला सॅम्युअल जॅक्सन डोळ्यासमोर आणू नका, हा कॉमिक्समधला मूळ फ्युरी. दुसऱ्या महायुद्धात लढलेला, एका औषधाच्या जोरावर म्हातारपण लांबवलेला. १९५०च्या दशकात आधीचा वॉचमन ड्युटीवर मेला आणि हॉवर्ड स्टार्कने, म्हणजे आयर्न मॅनच्या बाबांनी, फ्युरीला ती जागा दिली. ‘मॅन ऑन द वॉल’ असं त्या पोस्टचं नाव. तटावर उभा असलेला माणूस. पगार नाही, युनिफॉर्म नाही, आभार तर नाहीच नाही. कोण शत्रू आहे आणि कोण नाही, हे त्याने एकट्यानेच ठरवायचं. समोरच्याने अजून काही केलेलं नसेल, पण उद्या करेल असं वाटलं तरी ट्रिगर ओढायचा. आणि वॉचरचा खूनही शेवटी याच बाबाने केलेला निघतो. (मालिका येऊन दशक उलटलंय, त्यामुळे स्पॉयलरची तक्रार चालणार नाही.)

औषधाचा असर संपत आलाय, म्हातारपण धावत सुटलंय, त्यामुळे फ्युरीला वारस हवाय. म्हणून तो आपली ओळख लपवून काही जणांना तपासाच्या कामाला लावतो. ही तपासाची टीम म्हणजेच त्याची शॉर्टलिस्ट. त्यात डॉक्टर स्ट्रेंज आहे, पनिशर, मून नाइट, गमोरा, एमा फ्रॉस्ट, अँटमॅन, विंटर सोल्जर आहेत. आणि टीचाला आहे, ब्लॅक पँथर.

कागदावर एक नंबर

टीचालाचा रेझ्युमे बघितला तर बाकीच्यांनी घरी जायला हरकत नाही. १९६६च्या जुलैमध्ये ‘फँटास्टिक फोर’च्या बावन्नाव्या अंकात स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी त्याला पहिल्यांदा आणलं. त्या पहिल्याच अंकात तो चौघांना वाकांडात पाहुणे म्हणून बोलावतो आणि त्यांचीच शिकार करायला लागतो. का, तर स्वतःची ताकद तपासायची होती. पुढे १९६८ मध्ये तो अ‍ॅव्हेंजर्समध्ये दाखल झाला. तीस वर्षांनी लेखक ख्रिस्तोफर प्रीस्टने त्या एंट्रीचा असा काही अर्थ लावला की जुने फॅन खुर्चीतून उडाले. टीचाला टीममध्ये आला तो मुळात हेरगिरी करायला. हे लोक उद्या वाकांडाच्या मुळावर उठतील का, याचा अंदाज घ्यायला. इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून लढत होता आणि मनात नोंदी चालू होत्या.

शिवाय त्याचा अख्खा देशच गुपित आहे. व्हायब्रेनियमचा डोंगर जगापासून लपवून ठेवणाऱ्या घराण्यातला हा मुलगा. पैसा आहे, तंत्रज्ञान आहे, हेरांचं जाळं आहे, तोंड बंद ठेवायची पिढ्यानपिढ्यांची सवय आहे. ग्रुपमधला आमचा मार्व्हल-पंडित म्हणाला, ‘अरे, जो देश लपवू शकतो त्याला एक साइड जॉब लपवायला काय जातंय?’

मला हे पटलं होतं. मग घरी येऊन मी तारखा जुळवल्या आणि घोळ लक्षात आला. फ्युरीने ज्या वेळी टीचालाला शॉर्टलिस्ट केलं, त्या वेळी तो राजा नव्हताच!

२००९ मध्ये डॉक्टर डूमच्या हल्ल्यातून टीचाला कसाबसा वाचला आणि गादीवर त्याची बहीण शुरी बसली. सिनेमात ती लॅबमध्ये जोक मारणारी धाकटी बहीण आहे, कॉमिक्समध्ये ती ब्लॅक पँथरही झाली आणि राणीही. पुढची काही वर्षं टीचाला होता तो मृतांच्या नगरीचा, नेक्रोपोलिसचा रखवालदार. वाकांडाच्या साऱ्या पूर्वजांचे आत्मे जिथे आहेत ती जागा. मुकुट बहिणीकडे आणि भाऊ तळघरात मेलेल्यांशी बोलत. म्हणजे फ्युरीने निवडला तो बिनराज्याचा राजा.

आता तुम्ही म्हणाल, योगायोग आहे. असेलही. पण त्याच काळातली दुसरी गोष्ट वाचलीत तर योगायोग म्हणवत नाही.

आधी नाही, मग हो

२००६ मध्ये ब्रायन मायकल बेंडिसने ‘इल्युमिनाटी’ आणली. टोनी स्टार्क, रीड रिचर्ड्स, डॉक्टर स्ट्रेंज, प्रोफेसर झेवियर, इनह्युमन्सचा राजा ब्लॅक बोल्ट आणि अटलांटिसचा राजा नेमोर. हे सहा जण बंद दाराआड जगाच्या भल्याचं ठरवणार. त्यांची पहिली मीटिंग कुठे झाली माहितेय? वाकांडात. टीचालाच्या महालात. घर त्याचं, पाहुणचार त्याचा, आणि मेंबर व्हायला साफ नकार देणाराही तोच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की जगाचे रखवालदार तुम्ही आहात हे तुम्हीच परस्पर ठरवलंत. उद्या तुमच्यातच मतभेद झाले तर काय करणार? आणि तसंच झालं. या मंडळींनी हल्कला फसवून अंतराळात पाठवून दिलं, नेमोर त्याच्या विरोधात होता, आणि हल्क परत आला तेव्हा काय झालं ते ‘वर्ल्ड वॉर हल्क’ वाचलेल्यांना सांगायला नको.

हाच टीचाला २०१३ मध्ये, जोनाथन हिकमनच्या ‘न्यू अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये, त्याच लोकांना स्वतःहून बोलावतो. आपल्या कॅन्टीनच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या मालिकेत आहे, त्यामुळे इथे जरा थांबतो.

सुरुवातीला टीचाला वाकांडातल्या तीन तरुणांबरोबर आहे. एक अवघड स्पर्धा जिंकून आलेली, तुमच्या-माझ्या वयाची हुशार पोरं. तो त्यांच्याशी भविष्याबद्दल बोलतोय. आणि अचानक आकाश लाल होतं, वर दुसरी पृथ्वी दिसायला लागते. काही मिनिटांत ती तिन्ही पोरं मेलेली असतात.

याला म्हणतात इन्कर्शन. दोन विश्वांतल्या दोन पृथ्व्या एकमेकींवर आदळायला येतात. हातात आठ तास. दोनपैकी एक पृथ्वी उडवली तर दोन्ही विश्वं वाचतात. काहीच केलं नाही तर दोन्ही विश्वं खलास. आणि हे एकदा होऊन थांबणारं नाही, पुन्हा पुन्हा होणार आहे. सांगा, ही गोष्ट तुम्ही जगाला सांगाल? न्यूज चॅनलवर काउंटडाऊन लावाल?

टीचालाने सांगितली नाही. त्याने इल्युमिनाटीला नेक्रोपोलिसमध्ये जागा दिली आणि स्वतः त्यांच्यात बसला. कॅप्टन अमेरिकाने विरोध केला तर डॉक्टर स्ट्रेंजने त्याची आठवणच पुसून टाकली आणि टीचाला ते बघत राहिला. पण खरा काटा वेगळाच होता. त्या टेबलावर नेमोर होता. आदल्याच वर्षी, २०१२ मध्ये, फिनिक्सची शक्ती मिळाल्यावर याच नेमोरने वाकांडा पाण्याखाली घातलं होतं. माणसं मेली होती. टीचालाने नेमोरला मारायची शपथ घेतली होती, पूर्वजांचे आत्मे रोज कानाशी तेच बोलत होते. आणि तो त्याच नेमोरला आपल्याच देशाच्या पायाखाली, आपल्याच मेलेल्यांच्या गावात खुर्ची देऊन बसला होता. विश्व वाचवण्यासाठी.

वर शुरीला यातलं काही माहीत नाही. तिची माणसं बुडून मेली आहेत, तिने अटलांटिसविरुद्ध युद्ध पुकारलंय. म्हणजे बहीण वर ज्याच्याशी युद्ध करतेय, भाऊ खाली त्याच्याचबरोबर मीटिंग करतोय. पुढे थॅनोसची फौज आली तेव्हा नेमोरने तिला हवी असलेली वस्तू वाकांडात आहे असं सांगून ती फौज थेट वाकांडावर सोडली. घ्या!

आणि मग ती वेळ आलीच. समोर एक जिवंत, माणसांनी भरलेली पृथ्वी. तिच्यावर तिचे स्वतःचे हीरो. बॉम्ब तयार. ट्रिगर टीचालाच्या हातात. त्याच्याच्याने तो दाबवला नाही. नेमोरने दाबला.

शेवटी शुरीला कळलं तेव्हा तिने भावाला देशाबाहेर काढलं. तिच्या बाजूने विचार करा. ‘विश्व वाचवत होतो’ हे उत्तर खरं असूनही तिच्या काय कामाचं? तिच्या लोकांचा खुनी तिच्याच घरात होता, आणि हे तिला सोडून टेबलावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं.

मेसचा हिशोब

इथे आमच्या पंडिताने टेबलावर हात आपटला. ‘पण त्याने चांगल्यासाठीच केलं ना! शुरी अनफेअर आहे.’ यावरूनच ती दहा मिनिटांची मैत्री तुटली. मला मात्र आमचं हॉस्टेल आठवलं.

आमच्या हॉस्टेलची मेस मुलंच चालवायची. मेस सेक्रेटरी निवडून द्यायचा, त्याने वर्गणी गोळा करायची, किराणा भरायचा, मावशींचा पगार द्यायचा. मी फर्स्ट इयरला असताना सेक्रेटरी होता थर्ड इयरचा एक दादा. शांत, कामाला वाघ. त्या सेमिस्टरला बऱ्याच जणांनी वर्गणी थकवली. किराणावाल्याची उधारी वाढत गेली आणि त्याने माल बंद करायची वेळ आली. दादाने आम्हाला कुणालाच सांगितलं नाही. घरून फीसाठी आलेले पैसे त्याने मेसमध्ये घातले. दोन महिने आम्ही गरम पोळ्या खात होतो, भाजीला नावं ठेवत होतो, रविवारच्या फीस्टला गुलाबजाम किती हे मोजत होतो.

परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख आली आणि त्याच्याकडे पैसे नव्हते. तेव्हा सगळं बाहेर आलं.

तुम्हाला वाटेल, आम्ही त्याला खांद्यावर घेतलं असेल. पैसे जमवले, फॉर्म भरला, ते खरं. पण त्या रात्री मेसमध्ये जो राडा झाला तो मी विसरणार नाही. लोक चिडले होते, आणि सगळ्यात जास्त चिडले होते ज्यांनी वर्गणी वेळेवर भरली होती ते. ‘तू सांगितलं का नाहीस? फीस्ट बंद केली असती. एक वेळची भाजी कमी केली असती. ज्यांनी थकवलंय त्यांची नावं बोर्डवर लावली असती.’ दादा एवढंच म्हणाला, ‘तुमच्या इंटर्नल्स चालू होत्या, टेन्शन कशाला द्यायचं.’ तो खोटं बोलत नव्हता. तरी कुणाचा राग गेला नाही. दादानंही पुढच्या टर्मला नाव दिलं नाही.

तेव्हा मला तो राग कृतघ्नपणा वाटला होता. आता तसं वाटत नाही. समजा, हेच पैसे एखाद्या माजी विद्यार्थ्याने नाव न सांगता भरले असते, तर आम्ही दोन दिवस हवेत असतो. मग दादावर राग का? कारण मेसची वही त्याची नव्हती, आमची होती. आम्ही ती त्याच्याकडे ठेवायला दिली होती. त्याने आम्हाला वाचवलं खरं, पण आम्ही काय सोडायला तयार आहोत हे आम्हाला न विचारता, आमच्या जागी त्यानेच ठरवलं.

फ्युरीच्या हातात कुणाचीच वही नव्हती. त्याला कुणी निवडलं नव्हतं, त्याच्याकडे कुणी डोळे लावून बसलं नव्हतं. त्याने जे केलं ते बऱ्याचदा भयंकर होतं, पण ‘तू आम्हाला फसवलंस’ असं हक्काने म्हणणारं त्याच्यामागे गाव नव्हतं. राजाच्या मागे ते असतं. त्याने देशाची जागा वापरली, देशाचं व्हायब्रेनियम वापरलं, देशाचा शत्रू घरात घेतला, की प्रत्येक गोष्ट त्या वहीत चढते. आणि वॉचमनच्या नोकरीची तर पहिली अटच अशी, की वही कुणाला दाखवायची नाही.

२०१० च्या ‘डूमवॉर’मध्ये हे अगदी रोकड्यात दिसतं. डॉक्टर डूम वाकांडाचं व्हायब्रेनियम लुटतो, त्याच्या जोरावर त्याला जग जिंकायचंय. ते त्याच्या कामी येऊ नये म्हणून टीचाला वाकांडाचं सगळं प्रक्रिया केलेलं व्हायब्रेनियम निकामी करून टाकतो. जग वाचतं. वाकांडाची तिजोरी रिकामी. वॉचमन म्हणून पैकीच्या पैकी मार्क. राजा म्हणून तुम्ही किती द्याल? आणि हेही लक्षात घ्या, की त्या वेळीही गादीवर तो नव्हता, शुरी होती.

बाकीचे अर्जदार

ग्रुपमध्ये दुसरी नावंही आली. ब्लॅक बोल्ट, कारण तो राजा आहे आणि बोलतच नाही! नुसता कुजबुजला तरी डोंगर फुटतात. गुपित ठेवायला याच्याइतका सेफ माणूस कोण? पण २०१३ च्या ‘इन्फिनिटी’मध्ये याच गप्प राजाने कुटुंबाला अंधारात ठेवून न्यूयॉर्कच्या आकाशात टेरिजेन बॉम्ब फोडला आणि ज्यांना आपण इनह्युमन आहोत हे स्वप्नातही माहीत नव्हतं अशा असंख्य लोकांची शरीरं एका दिवसात बदलली. नको रे बाबा.

मग डॉक्टर डूम. हसू नका, हे नाव मीच टाकलं. लॅटव्हेरियाचा राजा, आणि २०१५ च्या ‘सीक्रेट वॉर्स’मध्ये शब्दशः जगाचा तारणहार. सगळी विश्वं संपल्यावर जे तुकडे उरले ते जोडून त्याने ‘बॅटलवर्ल्ड’ बनवलं. तो नसता तर काहीच उरलं नसतं, हे त्याच्या शत्रूलाही मान्य करावं लागतं. फक्त खरं काय घडलं हे त्याने लोकांना कळू दिलं नाही. लोकांना वाटतं, जग कायम असंच होतं आणि डूम कायम देवच होता. रीड रिचर्ड्सची बायको आता डूमची राणी आहे. तिचा भाऊ जॉनी आकाशातला सूर्य करून ठेवलाय. बेन ग्रिमची भिंत केलीये, अक्षरशः भिंत. राजाला सिक्रेट रक्षक करायला निघालात, तर उलट्या बाजूने हा माणूस तुम्हाला भेटतो. ज्या रक्षकाला कुणी काही विचारू शकत नाही, तोच राजा होऊन बसलाय. आणि शेवटी डूमला स्वतःच्या तोंडाने कबूल करावं लागतं, की हीच शक्ती रीडच्या हातात असती तर त्याने हे काम जास्त चांगलं केलं असतं.

सिक्रेट रक्षक म्हणून यशस्वी झालेला माणूस हवा असेल तर आई-बाबांना विचारा. त्यांच्या पिढीने इंद्रजाल कॉमिक्समध्ये ‘वेताळ’ वाचलाय. ली फॉकचा फँटम, १९३६ सालचा, मराठीत येताना वेताळ झालेला. जंगल गस्ती दलाचा तो प्रमुख, पण दलातल्या कुणीच त्याचा चेहरा पाहिलेला नाही. ‘अज्ञात सेनापती’ म्हणून हुकूम येतात, ते पाळले जातात. एकविसावी पिढी चाललीये, जगाला वाटतं हा एकच अमर माणूस आहे. पण नीट बघा, त्याच्याकडे कवटीची गुहा आहे, पण राजा नाही तो. जंगलातल्या टोळ्यांचे सरदार आपापलं बघतात, कर कुणी गोळा करायचा हा प्रश्न त्याच्याकडे येत नाही. त्याला रात्रपाळी परवडते.

फ्युरीच्या जागी शेवटी कोण आलं, तेही सांगतो. बकी बार्न्स, विंटर सोल्जर. ज्याला जग कित्येक वर्षं मेलेला समजत होतं, ज्याच्या नावावर देश नाही आणि ज्याची घरी वाट बघणारं कुणी नाही. आणि फ्युरी? तो चंद्रावर साखळदंडात अडकून नुसता बघत बसला. ‘अनसीन’ हे त्याचं नवं नाव.

‘राजा होता कुठे?’

टीचाला पुन्हा गादीवर आला आणि २०१६ मध्ये टा-नेहिसी कोट्सने ब्लॅक पँथर लिहायला घेतला, तेव्हा त्याने सुरुवातच लोकांच्या रागापासून केली. देश बुडाला, डूम आला, थॅनोसची फौज आली, आणि राजा होता कुठे? अंगरक्षक दलातल्या आयो आणि अनेका बंड करून उठतात. विद्यापीठातला तत्त्वज्ञ राजाच्या अधिकारावरच प्रश्न टाकतो. वाचणाऱ्या आपल्याला माहीत असतं की राजा कुठे होता, तो अख्खं विश्व वाचवत होता. पण रस्त्यावर उतरलेल्या माणसाला त्याने काय सांगायचं? त्या गोष्टीचा शेवट वाकांडात राज्यघटना आणायच्या दिशेने होतो.

तरी सवय जात नाही. २०२१ पासूनच्या जॉन रिडलीच्या मालिकेत वाकांडात लोकशाही आलीये, पंतप्रधान आहे. आणि कळतं काय, तर टीचालाने पूर्वी कधीतरी जगभर आपले झोपलेले एजंट पेरून ठेवले होते, मित्रांवरही नजर ठेवायला. आता कुणीतरी त्या एजंटांना एकेक करून मारतंय. शेवट परत तोच, टीचाला हद्दपार. एक वेळ बहिणीने काढलं, एक वेळ लोकशाहीने.

२०१८ च्या सिनेमात रायन कूगलरने वेगळा रस्ता धरलाय. तिथे गुपित ठेवतो तो बाप, टीचाका. १९९२ मध्ये ओकलंडमध्ये स्वतःच्या भावाला मारतो आणि त्याच्या पोराला तिथेच सोडून येतो, कारण वाकांडाचं रहस्य फुटता कामा नये. ते पोर मोठं होऊन किलमाँगर बनून परत येतं. मुलगा पूर्वजांसमोर उभा राहून त्यांना ‘तुम्ही चुकलात’ असं सुनावतो आणि सिनेमाच्या शेवटी संयुक्त राष्ट्रांत जाऊन देशाची दारं उघडतो. वाकांडाचे हेर त्यानंतरही असतीलच. पण हेर आहेत हे वाकांडाच्या लोकांना ठाऊक आहे, कोण कुठे आहे तेवढंच ठाऊक नाही. एवढी झाकपाक माझ्या मते कुठल्याही राजाला माफ आहे. मेसच्या दादानेही भाजी कुठून स्वस्त मिळते हे सांगितलं नसतं तर कुणी ओरडलं नसतं.

तर एचआर म्हणून माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. ताकद आहे, डोकं आहे, गुपित ठेवायची सवय तर जरा जास्तच आहे. त्याला पृथ्वी वाचवायचीच असेल तर अ‍ॅव्हेंजर्सचा प्रमुख म्हणून उघडपणे वाचवावी, आणि २०१८ पासूनच्या अ‍ॅव्हेंजर्स मालिकेत त्याने ते केलंच की. आमचा पंडित अजून मानत नाही. त्याचा एक मुद्दा मला खोडता आलेला नाही, तो तुमच्यासाठी ठेवतो. तो म्हणतो, आठ तास हातात आहेत आणि लोकांना विचारलंस. लोक म्हणाले, बटन दाबा, समोरची पृथ्वी उडवा. मग?

मी त्याला ‘सीक्रेट वॉर्स’चा शेवट दाखवला. डूमचं जग कोसळतं, आणि काळावर सत्ता चालवणारा मणी टीचालाच्या हातात असतो. त्या मण्याने कुठेही जाता आलं असतं. तो वाकांडात परत जातो, जिथे सगळं सुरू झालं होतं त्या क्षणाला. तीच जागा, स्पर्धा जिंकून आलेली तीच तीन पोरं, जिवंत. वर आकाश निळं आहे. वाकांडा आता अंतराळात जायची तयारी करतंय आणि ती पोरं त्याच्याकडे बघतायत.

पंडिताने पान दोनदा बघितलं आणि विचारलं, ‘यांना तो सांगतो का, मागच्या वेळी काय झालं होतं ते?’ तेवढ्यात कॅन्टीनवाल्या काकांनी टेबल पुसायला घेतलं.